काचा बदलता येणारा सायकलिंगचा गॉगल: आधी पारदर्शक काच पाहा

डिसेंबरमध्ये पुण्याहून कराडच्या अलीकडे जाऊन परत येणारी ३०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे, वय ४६ आहे, दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोनचा नंबर आहे आणि रोजचा सराव पहाटे साडेपाचला खडकवासल्याच्या रस्त्याने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत असतो, असे आपण कळवले आहे. पाच काचांचा संच घ्यावा, उन्हात आपोआप गडद होणारी एकच काच घ्यावी, की दोन-तीन काचांचा चांगला गॉगल घ्यावा, आणि नंबरचे काय करावे, असा आपला प्रश्न आहे. चष्म्यांच्या काचा घासून बसवण्याचा व्यवसाय मी चोवीस वर्षे करतो आहे आणि त्यातली अकरा वर्षे लांब पल्ल्याची सायकलही चालवतो आहे, त्यामुळे दुकानाच्या काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न मी पाहिलेला आहे.

माझे मत आधीच सांगतो. काचा बदलता येणारा गॉगल निवडताना गिऱ्हाईक नेहमी गडद, आरशासारखी चमकणारी काच लावून आरशात पाहते आणि डब्यातली पारदर्शक काच प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढत नाही. निवड नेमकी त्या पारदर्शक काचेवरून करायला हवी. भर दुपारी प्रकाश इतका असतो की जेमतेम काचेतूनही रस्ता दिसतो. पण पहाटे, संध्याकाळी, पावसात आणि रात्री, म्हणजे खड्डा उशिरा दिसतो त्या सगळ्या वेळी, डोळ्यापुढे हीच काच असते. आणि उत्पादक जिथे हात आखडता घेतो तीही बहुधा हीच असते, कारण तिच्याकडे कोणी पाहत नाही हे त्यालाही ठाऊक असते.

ती पाहायची कशी? काच हातभर लांब धरावी आणि तिच्यातून दरवाज्याच्या चौकटीची उभी कड किंवा फरशीचा सांधा पाहावा. मग काच सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावी. कड सरळ राहिली किंवा कडेकडेला अगदी किंचित वाकली, तर काच ठीक आहे. ती पाण्यातल्या काठीसारखी लचकू लागली, तर तो संच तिथेच ठेवून द्यावा. पाच काचांच्या स्वस्त संचांमध्ये हा खेळ मी अनेकदा गिऱ्हाइकाच्या हातानेच करून दाखवला आहे: मुख्य पोलराइज्ड, म्हणजे झळाळी कापणारी, काच बऱ्यापैकी निघते आणि उरलेल्या चार काचा इतक्या पातळ असतात की दोन बोटांत धरून दाबल्या तरी वाकतात. अशा काचेतून वीस मिनिटे पाहिले तर काही जाणवत नाही. बारा तास पाहिले की कपाळ ठणकू लागते आणि दोष झोपेला किंवा पाणी कमी प्यायल्याला दिला जातो. संचात पाच काचा असल्या तरी वर्षभरात वापरात येतात त्या दोनच, फार तर तीन. बाकीच्या खणात पडून राहतात.

आता काळेपणाचे माप. आयएसओ १२३१२-१ या मानकानुसार काचांचे ० ते ४ असे पाच वर्ग केलेले असतात आणि काच किती टक्के दृश्य प्रकाश आत सोडते त्यावरून वर्ग ठरतो. वर्ग ० म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक, वर्ग १ म्हणजे ४३ ते ८०, वर्ग २ म्हणजे १८ ते ४३, वर्ग ३ म्हणजे ८ ते १८ आणि वर्ग ४ म्हणजे ३ ते ८ टक्के. वर्ग ४ हिमशिखरांसाठी असतो आणि वाहन चालवताना तो वापरूच नये, असे मानकच सांगते. हा आकडा दांडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेला असतो, नाहीतर माहितीपत्रकावर असतो. प्रत्येक काचेचा वर्ग कुठेच लिहिलेला नसेल, तर त्या संचाविषयी अधिक चौकशी करण्यात वेळ घालवू नये. आपल्याला एक वर्ग ० ची आणि एक वर्ग २ किंवा ३ ची काच लागेल. दख्खनच्या पठारावरच्या उघड्या महामार्गावर दुपारी वर्ग ३ बरा वाटतो, पण ताम्हिणी किंवा वरंधसारख्या झाडीच्या घाटात तीच काच अंगावर येते. तिथे कवडशांतून रस्ता जातो, उजेड आणि सावली दर दोन सेकंदांनी बदलतात आणि सावलीतला खड्डा काळ्या काचेत बुडून जातो. म्हणून एकच गडद काच घेणार असाल, तर ती २० टक्क्यांच्या आसपासची घ्यावी, असे मी सांगेन.

एक गैरसमज इथेच दूर करतो. काच गडद असल्याने अतिनील किरण अडत नाहीत. ते काचेच्या पदार्थामुळे आणि त्यावरच्या प्रक्रियेमुळे अडतात. गॉगलच्या काचा बहुतेक पॉलिकार्बोनेटच्या असतात आणि पॉलिकार्बोनेट स्वभावतःच बहुतांश अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे चांगली पारदर्शक काचही डोळ्याला तेवढेच संरक्षण देते. उलट अतिनील न अडवणारी काळी काच अधिक वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि त्या मोठ्या दारातून किरण आत जातात. ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवते, म्हणजे यूव्ही ४००, असे लिहिलेले असावे. खात्री हवी असेल तर चष्म्याच्या बऱ्याच दुकानांत अतिनील मोजण्याचे छोटे यंत्र असते, ते वापरून दाखवा असे सांगायला संकोचू नये. घरी ढोबळ पडताळा घ्यायचा तर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च आणि एक नोट पुरते. टॉर्च आणि नोट यांच्यामध्ये काच धरल्यावर नोटेवरच्या चमकणाऱ्या खुणा विझायला हव्यात. टॉर्चचा जांभळा उजेड तरीही काचेतून दिसत राहील. तो दृश्य प्रकाश आहे, त्याने फसू नये.

रंगांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. करडी काच रंग आहेत तसे दाखवते. तपकिरी आणि गुलाबी-तांबूस छटा निळा प्रकाश कमी करून डांबराचा पोत, भेगा आणि खडी उठावदार करतात, म्हणून मला स्वतःला तांबूस काच आवडते. पिवळी काच मळभ असताना आणि पावसाळ्यात सुखद वाटते. मात्र ती रात्री लावावी, समोरच्या गाडीचे दिवे तिच्यामुळे सुसह्य होतात, हा समज चुकीचा आहे. रंग कोणताही असो, ती काच प्रकाश कमीच करते, आणि ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणारी काच रात्री वाहन चालवताना वापरू नये हा मानकातला नियम सायकलस्वारालाही लागू पडायला हवा. डोळ्यांना उजळ वाटणे वेगळे आणि जास्त दिसणे वेगळे.

पोलराइज्ड काच मी सायकलसाठी सहसा सुचवत नाही. पाण्यावरून आणि ओल्या डांबरावरून परावर्तित होणारी झळाळी ती कापते, हा तिचा गुण मासेमारीला उत्तम आहे; पण सायकलस्वाराला पुढे सांडलेले तेल किंवा ओल कळते ती त्या चमकेमुळेच. शिवाय सायकलच्या संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा विशिष्ट कोनात काळा पडतो. दुकानात गॉगल डोळ्यावर ठेवून मोबाइल उभ्याचा आडवा करून पाहिला, की हे लगेच दिसते.

उन्हात आपोआप गडद होणाऱ्या, म्हणजे फोटोक्रोमिक काचेचा प्रश्न अधिक विचार करण्यासारखा आहे. तिच्यातले रेणू अतिनील किरण पडले की रूप बदलून प्रकाश शोषू लागतात आणि उष्णतेमुळे पुन्हा मूळ रूपात येतात. या दोन गोष्टींची सतत रस्सीखेच चालू असते, म्हणून थंड सकाळी ती भरपूर गडद होते पण निवळायला वेळ घेते, आणि एप्रिलच्या दुपारी, म्हणजे गडद होणे सर्वांत आवश्यक असताना, पूर्ण गडद होत नाही. निवळायला काही मिनिटे लागतात. साताऱ्याहून परत येताना खंबाटकीचा बोगदा आपण दोन-तीन मिनिटांत पार करता, म्हणजे काच निवळू लागेपर्यंत आपण बाहेर आलेले असता, आणि बोगद्यात मात्र मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजाच्या सोबतीने काळ्या काचेतूनच जावे लागते. तरीही सांगतो, की सकाळी सहाला निघून दुपारी घरी परतणाऱ्या माणसाला वर्ग ० ते वर्ग २ किंवा ३ पर्यंत जाणारी फोटोक्रोमिक काच सर्वांत सोयीची आहे, कारण काहीच बदलावे लागत नाही. ती घेताना सर्वांत फिकट अवस्थेतला वर्ग आधी पाहावा; वर्ग १ पासून सुरू होणारी काच तुमच्या पहाटेच्या साडेपाचला आधीच काळी असते. काही वर्षांनी तिचा जोर कमी होतो, हेही धरून चालावे.

आपल्या बीआरएमला मात्र वीस तासांची मर्यादा आहे आणि त्यातले आठ-नऊ तास अंधाराचे असतील, म्हणून मी बदलत्या काचांच्या बाजूने आहे. अट एकच: ती काच तुम्हाला खरोखर बदलता आली पाहिजे.

इथे माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका राइडमध्ये घाट उतरण्याआधी संधिप्रकाशात थांबून मी काच बदलली. हाताला केळ्याचा चिकटपणा होता, मागचे तिघे पुढे निघून गेले होते, घाई होती. नाकाजवळची खाच ‘टक्’ करून बसली, तेवढ्यावर मी निघालो. डाव्या टोकाची खाच बसलीच नव्हती. उतारावर वेग चाळिशीच्या पुढे गेला तेव्हा वाऱ्याने काच आधी थरथरली आणि मग डोळ्यासमोरून पाखरासारखी उडाली. मागच्या टेम्पोने तिचे काय केले ते मला फक्त ऐकू आले. पुढची रात्र उघड्या डोळ्यांनी काढली, एका चिलटाने डोळा लाल केला, आणि दोन दिवस दुकानात गिऱ्हाइकांना डोळ्यांची काळजी घ्यायला मी एका डोळ्याने सांगत होतो.

तेव्हापासून दुकानात मी गिऱ्हाइकाला काच बदलायला लावतो, आधी बघून आणि मग डोळे मिटून. काच धरून ठेवण्याच्या पद्धती अनेक आहेत: कुठे वरची फ्रेम वाकवून काच खाचेत सरकवायची असते, कुठे नाकावरची पट्टी उचलली की काच सुटते, कुठे दांडीजवळ छोटी कळ असते, कुठे चुंबक असतो. चुंबक आणि कळ सर्वांत सोप्या. फ्रेम वाकवण्याची पद्धत स्वस्त आणि टिकाऊ असली, तरी नव्या फ्रेमला बोटांचा जोर लागतो आणि त्या जोरात काचेच्या मधोमध अंगठ्याचा ठसा उमटतोच. कोणतीही पद्धत असो, किती ठिकाणी ‘टक्’ व्हायला हवे ते मोजून ठेवावे आणि निघण्यापूर्वी दोन्ही टोके हलकेच ओढून पाहावीत. घरी दहा-बारा वेळा सराव करावा. फ्रेम नायलॉनच्या जातीची, बाजारात टीआर ९० म्हणतात तशी असावी, कारण ती वाकते आणि पुन्हा सरळ होते.

दुसरी चौकशी सुट्या काचेची. ओरखडा पडणार तो पारदर्शक काचेवरच, कारण तीच सारखी काढ-घाल होते आणि पिशवीत राहते. त्या मॉडेलची सुटी पारदर्शक काच, नाकाची रबरी पट्टी आणि दांडीचे रबर वेगळे विकत मिळते का, हे गॉगलचे पैसे देण्यापूर्वी विचारावे. मिळत नसेल, तर पाच काचा असूनही तो गॉगल एका ओरखड्याचा धनी आहे.

फ्रेमच्या आकाराबाबत दुकानातला आरसा काहीच सांगत नाही. हेल्मेट सोबत न्यावे, ते घालून पट्टे आवळावेत आणि मग गॉगल लावून, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, हँडलवर वाकल्यासारखे वाकून समोर पाहावे. त्या स्थितीत आपण काचेच्या वरच्या चतुर्थांशातून पाहत असतो. तिथे फ्रेमची जाड पट्टी येत असेल तर बारा तास मान वर काढून पाहावे लागेल आणि दुखणे मानेचे होईल. खांद्यावरून मागे पाहावे; खालची कड मध्ये येते का ते कळेल. दांडीचे टोक हेल्मेटच्या मागच्या पकडीला अडत नाही ना, तेही बघावे. दांड्या पट्ट्यांच्या वरून घ्याव्यात म्हणजे हेल्मेट न काढता गॉगल काढता येतो, आणि पडल्यावर तो चेहऱ्यात रुतत नाही.

आपल्या मार्गाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. पुणे-सातारा रस्ता ढोबळमानाने दक्षिणोत्तर जातो. सकाळी दक्षिणेकडे जाताना सूर्य डाव्या हाताला आणि थोडा पुढे असतो, संध्याकाळी उत्तरेकडे परतताना तो पुन्हा डाव्या हाताला पण थोडा मागे असतो. म्हणजे उन्हाची तिरीप दोन्ही वेळा कडेने येणार, आणि परतताना मागून आलेला उजेड काचेच्या आतल्या पृष्ठभागावर आपटून डोळ्यात शिरणार. तेव्हा काचेत स्वतःच्याच पापण्या दिसू लागतात. म्हणून काच कानशिलापर्यंत वळलेली असावी आणि आतल्या बाजूला परावर्तनरोधक लेप असल्यास अधिक चांगले. याच काळात ऊस तोडणीचा हंगाम असतो. साताऱ्याच्या पुढे ट्रॉल्यांमधून पाचट उडत असते, आणि ते गालाच्या व काचेच्या फटीतून आत येऊ नये एवढी काच चेहऱ्यालगत हवी.

मात्र ती गालाला टेकता कामा नये. टेकली की गालाचा घाम काचेला लागतो आणि हवा अडते. काच आतून धूसर होते ती चढावर, जेव्हा वेग कमी, घाम जास्त आणि काच थंड असते. वाऱ्याने ती आपोआप निवळते. वरच्या कडेला हवेसाठी फटी असाव्यात. कोकणातल्या दमट हवेत त्यांनीही भागत नाही. तिथे चढावर गॉगल नाकावर बोटभर पुढे ओढणे हाच उपाय मला ठाऊक आहे.

आता नंबर. गोल काचांचा चष्मा लावणारा फ्रेंच सायकलपटू लोरां फिन्यों, ज्याला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, त्याने १९८३ आणि १९८४ अशी दोन वर्षे टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा नंबर हा अडथळा मानू नये. आपल्यापुढे तीन मार्ग आहेत. पहिला, कॉन्टॅक्ट लेन्स लावून साधा गॉगल. दुसरा, गॉगलच्या आत अडकवायची नंबरची छोटी फ्रेम, जिला दुकानात इन्सर्ट किंवा क्लिप म्हणतात. तिसरा, गॉगलच्या काचेतच नंबर. तिसरा मार्ग एकसंध काचेच्या गॉगलला चालत नाही, दोन स्वतंत्र काचांची फ्रेम घ्यावी लागते आणि पारदर्शक व गडद अशा दोन्ही जोड्यांत नंबर घालण्याचा खर्च दुप्पट होतो. शिवाय चेहऱ्याभोवती वळलेल्या फ्रेममध्ये काच तिरकी बसते आणि तिरक्या काचेतून डोळ्याला प्रत्यक्ष मिळणारा नंबर बदलतो. तो हिशेब करून काच बनवणारी प्रयोगशाळाच निवडावी लागते. उणे सव्वादोनला हे जमते, नंबर जसा वाढतो तशी कड जाड होत जाते. बदलत्या काचांशी सर्वांत जुळणारा मार्ग पहिला किंवा दुसरा, कारण नंबर एका जागी राहतो आणि पुढची काच बदलत राहते.

पण आपले वय ४६ आहे, आणि इथे एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. उणे नंबरचा माणूस या वयात जवळचे वाचायला चष्मा वर उचलतो, आणि कदाचित आपणही उचलत असाल. कॉन्टॅक्ट लेन्स वर उचलता येत नाही. कंट्रोलवर, म्हणजे वेळेची नोंद करण्याच्या थांब्यावर, रात्री ब्रेव्हे कार्डावरची (नोंदीच्या कार्डावरची) वेळ किंवा संगणकावरचे बारीक आकडे पुसट दिसले तर गोंधळून जाऊ नये. खिशात एक हलका वाचनाचा चष्मा ठेवावा, किंवा एका डोळ्याची लेन्स किंचित कमी नंबरची लावून आधी आठ दिवस सराव करून पाहावा. हे जमले नाही तर इन्सर्ट बरा. त्यात वाफ धरण्याचे पृष्ठभाग वाढतात आणि लांब पापण्या टेकतात, ही त्याची गैरसोय. कॉन्टॅक्ट लेन्स ठरवल्यास एकदाच वापरायच्या घ्याव्यात, एक जोडी जास्त ठेवावी आणि बाटलीतले पाणी त्यांना लावू नये.

काच पुसण्याची रीत कडक पाळावी. आधी पाण्याचा झोत, त्याने धुळीचे कण जाऊ द्यावेत. मग भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने. मग पुन्हा पाणी आणि मऊ मायक्रोफायबर. जर्सीच्या टोकाने कोरडी काच पुसणे म्हणजे तिच्यावर मुरूम घासणे आहे. खिडक्यांच्या काचा पुसायचे अमोनियाचे द्रव्य, थिनर आणि डास पळवण्याचे काही मलम पॉलिकार्बोनेट आणि त्यावरचे लेप खराब करतात, म्हणून असे मलम लावलेल्या हाताने काच बदलू नये. काचेची पिशवी जर्सीच्या मागच्या खिशात चाव्यांबरोबर न ठेवता हँडलच्या बॅगेत स्वतंत्र ठेवावी.

डिसेंबरच्या दिवशी हे सारे असे वापरावे: पहाटे निघताना पारदर्शक काच, सूर्य चांगला वर आल्यावर, पहिल्या न्याहारीच्या थांब्यावर, हात धुऊन, टेबलावर बसून गडद काच. परतताना पाच-सव्वापाचला भुईंजच्या आसपास चहाला थांबाल तेव्हा ऊन अजून असेल, सोबतचे हसतील, तरीही तिथेच पारदर्शक काच चढवा. दोन्ही टोके ओढून पाहा आणि मगच बोगद्याकडे निघा.